एका घाटवाटेनं वर, दुसरीनं खाली

सह्याद्रीची रांग सुमारे सोळाशे किलोमीटर लांब आहे. ती सलग चालून जायची तर नोकरी सोडावी लागेल. पण तिचा दोन-तीन दिवसांचा एखादा तुकडा निवडून चालणं कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि मुंबई-पुण्याकडच्या माणसाला त्यासाठी कर्जतइतकी सोयीची जागा दुसरी नाही. लोकलनं या, स्टेशनबाहेर पडा, पूर्वेला बघा. दक्षिणेला राजमाचीचे दोन बालेकिल्ले, मग ढाकचा उभा कातळ, पुढे कुसूरचं पठार, पेठच्या किल्ल्याचा सुळका, पदरगड, आणि पार उत्तरेला भीमाशंकरचं रान. या धारेवरून होणाऱ्या सलग चालीला ट्रेकर मंडळी ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. लोणावळ्याहून निघून भीमाशंकरला पोहोचणारी वाट त्यातली सर्वांत नावाजलेली. तिचा कर्जतच्या डोक्यावरचा टप्पा पहिल्यांदा चालू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. झाडाझाडावर पांढरे पट्टे, ठरावीक अंतरावर निवारे, छापील नकाशे, अशी सगळी व्यवस्था तिथं आहे. बरेच लोक ती वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं चालतात. आपल्याकडे पट्टेही नाहीत आणि निवारेही नाहीत. आपली वाट टिकली आहे ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर यांच्या पायांमुळे. घाटमाथ्यावरचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला खाली उतरत राहिला, खालचा माणूस भीमाशंकरच्या यात्रेला वर जात राहिला, म्हणून या वाटा मळलेल्या राहिल्या. गाडीरस्ता झाला आणि वर्दळ थांबली, की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी वाट गिळून टाकते.

म्हणून इथं आखणी किलोमीटरवर करू नका, घाटवाटांवर करा. एका घाटवाटेनं वर चढायचं, माथ्यावरून चालायचं आणि दुसऱ्या घाटवाटेनं खाली उतरायचं. मधे आणखी एक-दोन उतरायच्या वाटा माहीत करून ठेवायच्या. कुणाचा पाय मुरगळला, पाणी संपलं, आभाळ भरून आलं, तर ‘आता इथून खाली’ असं म्हणता आलं पाहिजे. जिथं अशी सुटकेची वाट दिवसभरात एकही लागत नाही, तो टप्पा पहिल्या खेपेला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

नवख्या पण चालायची सवय असलेल्या गटाला मी हा टप्पा सुचवेन: कोंदिवड्याहून राजमाची, राजमाचीहून कोंडेश्वर, तिथून कुसूर आणि कुसूर घाटानं भिवपुरीला उतार. दोन मुक्काम, तीन दिवस. ‘आम्ही हे दोन दिवसांत मारलं’ असं सांगणारे भेटतील. त्यांना मारू द्या. तुम्हाला चालायचं आहे.

हंगामाचं आधी बघू. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं, वाट दिसू लागते आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ या टप्प्याला उत्तम. ऑक्टोबरात रान देखणं असतं, पठारांवर सोनकी फुललेली असते, पण गवत छातीएवढं आणि वाट त्याच्या पोटात. शिवाय दुपारचा उकाडा जीव काढतो. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात आणि पाण्यासाठी गावांतल्या विहिरींवरच अवलंबून राहावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत त्या विहिरीही तळाला गेलेल्या असतात, बायका पहाटे हंडे घेऊन रांगेत असतात. अशा वेळी आठ-दहा जणांनी जाऊन तिथं बाटल्या भरणं मला योग्य वाटत नाही. पावसाळ्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता डोंगराची ठेवण समजून घ्या, कारण वाट चुकण्याचं निम्मं कारण तिथंच असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा प्रदेश तयार झाला. त्यातले काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून मागे हटले आणि टणक थर कड्यासारखे उभे राहिले. त्यामुळे कोकणातून चढताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी भेटतो. आधी पायथ्याचं जंगल आणि पहिली चढण, मग ‘पदर’ म्हणजे मधला सपाटीचा पट्टा, मग उभा कडा, त्याच्यावर घाटमाथा. पदरात दाट झाडी असते, वस्ती असते, काही ठिकाणी शेतंही असतात. कडा चढायला जागा मोजक्याच. एक तर ‘नाळ’, म्हणजे कड्याला पडलेली दगडधोंड्यांनी भरलेली घळ, किंवा ‘सोंड’, म्हणजे खाली उतरत आलेली डोंगरधार. घाटवाट नेहमी पदरात आडवी जाऊन त्या जागेपाशी पोहोचते आणि मगच वर वळते. नवखा माणूस पदरात आला की समोरचा कडा बघून सरळ वर घुसतो, तासाभरात घसाऱ्यावर अडकतो आणि तिथून खाली येणं चढण्यापेक्षा अवघड होऊन बसतं. पदरात वाट आडवी चालली म्हणून घाबरू नका. ती आडवीच जायला हवी.

दुसरी खूण वाटेतच सापडते. ढोरवाट आणि माणसाची वाट पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात. झाडीत शिरल्यावर फांद्या बघा. वाट पायाशी रुंद आहे पण कमरेच्या उंचीवर फांद्या एकमेकींत अडकल्या आहेत, वाकल्याशिवाय जाता येत नाही, तर ती गुरांची. फांद्या छातीच्या, डोक्याच्या उंचीवर छाटलेल्या असतील, बुंध्यावर कोयत्याचे जुने तिरपे घाव असतील, चढावर एखाद-दुसरा दगड पायरीसारखा बसवलेला आणि वापरानं गुळगुळीत झालेला असेल, तर ती माणसाची. ढोरवाट गवताच्या उतारावर आली की फुटते, चार-पाच फाटे होऊन विरून जाते. माणसाची वाट फुटत नाही, कारण तिला कुठंतरी पोहोचायचं असतं. दहा मिनिटं चालूनही यातली एकही खूण दिसली नाही, तर मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागी या. तिथून दुसरा फाटा बघा. ‘पुढे मिळेल’ या आशेवर पुढे जायचं नाही.

पहिल्या दिवशी लवकर निघण्याला एक खास कारण आहे. कर्जतच्या बाजूचे हे सगळे उतार पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि चढणीवर चांगले नऊ-दहा वाजेपर्यंत सावली मिळते. दुपारनंतर मात्र तोच उतार थेट उन्हात तापतो. म्हणून शक्य तर आदल्या रात्री कर्जतला या, नाहीतर पहाटेची पहिली लोकल पकडा. कर्जतहून कोंदिवड्याला रिक्षा किंवा टमटम मिळते. सकाळी सीट भरायला वेळ लागतो. गट असेल तर आदल्या दिवशीच फोनवर ठरवून ठेवलेलं बरं.

कोंदिवडे समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटरवर आहे आणि राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला नऊशेच्या आसपास. एवढी चढण पाठीवर ओझं घेऊन करायची आहे. सव्वा-दीड तासात कोंढाणे लेणी लागतात. इथं घाई करू नका. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा बौद्ध लेणीसमूह आहे. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली चैत्याची कमान निवांत उभं राहून पाहावी अशी आहे. बोरघाट आणि त्याच्या शेजारच्या वाटांनी सोपारा-कल्याणचा माल घाटावर जायचा. कार्ले, भाजे, बेडसे, कोंढाणे ही लेणी त्याच व्यापारी वाटांच्या आसऱ्यानं उभी राहिली. तुम्ही ज्या वाटेनं चढताय तिचं वय किती, याचा अंदाज इथं येतो.

लेण्यांपासून राजमाची गाव, म्हणजे उधेवाडी, आणखी दोन-अडीच तास. शेवटचा चढ अंगावर येतो. दुपारच्या जेवणाला गावात पोहोचाल या हिशेबानं चाला. उधेवाडीत घरोघरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा, कारण सामान लोणावळ्याहून किंवा कर्जतहून आणावं लागतं. दुपारी थोडं टेकून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले बघा. दोन्हींच्या मधल्या खिंडीत काळभैरवाचं देऊळ आहे. गावाजवळच्या जुन्या दगडी तळ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे तेही चुकवू नका. श्रीवर्धनवरून दुसऱ्या दिवशीची पूर्ण वाट समोर दिसते. पश्चिमेला उल्हास नदीच्या उगमाची खोल दरी, पूर्वेला शिरोत्याचं पाणी, उत्तरेला ढाकचा कातळ आणि त्याच्या शेजारी कळकरायचा सुळका. तिथं बसून नकाशा उघडा आणि समोरच्या डोंगराशी ताडून बघा. घरी मोबाइलवर तासभर डोकावण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त उपयोगी पडतात.

नकाशाचं सांगायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागानं १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून आपल्या ‘नक्शे’ पोर्टलवर मोफत दिले आहेत. त्यावर समोच्चरेषा असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या तिथं कडा, विरळ झाल्या तिथं पदर किंवा पठार, एवढं वाचता आलं तरी पुरे. कुणी चालून नोंदवलेली जीपीएस वाट फोनमध्ये उतरवून घ्या, पण ती कोणत्या महिन्यात नोंदवली आहे ते बघा. जानेवारीतली ओढ्याच्या पात्रातली वाट ऑक्टोबरात पाण्याखाली असते.

दुसरा दिवस लांब पण सौम्य. राजमाचीहून निघून वळवंडच्या बाजूनं रान आणि पठार ओलांडत जांभिवलीजवळच्या कोंडेश्वराला यायचं. पूर्ण दिवस हाताशी धरा. उंची फारशी वाढत नाही, पण सारखे चढउतार, ओढे आणि फाटे यांमुळे वेळ जातो. या टप्प्यात वाटाड्या घ्याच. राजमाचीतलाच कुणी कोंडेश्वरापर्यंत सोडायला तयार होतो. पैसे आधी मोकळेपणानं ठरवा आणि त्याला परतायला उजेड राहील अशा वेळी निघा. त्याच्याही घरी वाट बघणारं कुणीतरी आहे. कोंडेश्वर हे ओढ्याकाठचं जुनं दगडी शिवमंदिर. देवळाच्या आवारात राहायचं तर गावात विचारून राहा, चूल देवळापासून लांब लावा आणि ओढ्यात साबण वापरू नका. तेच पाणी खाली कुणीतरी पितं.

आता ढाक बहिरीबद्दल. कोंडेश्वराहून ढाकच्या पठारावर जाता येतं, आणि तिथून ढाक आणि कळकराय यांच्यामधल्या अरुंद घळीत उतरून कातळात आडवं जात बहिरीच्या गुहेपाशी पोहोचतात. खोबण्या, दोर, खाली सरळ दरी. या कातळावर जीव गेलेले आहेत. बहिरी हे आसपासच्या गावांचं जागृत देवस्थान आहे. गुहेतल्या टाक्यातली भांडी देवाची मानतात आणि ती तिथून कुणी हलवत नाही. हे सगळं ऐकून जावंसं वाटणारच. पण लांबच्या चालीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, थकलेल्या पायांनी, पाठीवर मोठी सॅक घेऊन तिथं जाऊ नका. ढाकची गुहा ही स्वतंत्र मोहीम आहे. ती जाणत्या गटाबरोबर, सुरक्षा दोर आणि हार्नेस लावून, कोरड्या हवेत करायची. रेंज ट्रेकमध्ये ती ‘जाता जाता’ उरकायची गोष्ट नाही. त्याच घळीतून पश्चिमेला सांडशीकडे उतार आहे. कर्जतला जायला तो जवळचा पडतो, पण उभा आणि घसाऱ्याचा आहे. अडचणीच्या वेळी कोंडेश्वराहून सोपी सुटका हवी तर जांभिवलीतून गाडीनं कामशेत गाठावं.

तिसऱ्या दिवशी कोंडेश्वराहून कुसूर. इथं पठाराचं रूप बदलतं. उजव्या हाताला आंदर मावळातली भातखाचरं आणि पुढे ठोकरवाडी धरणाचं पाणी, डाव्या हाताला कोकणात तुटणारे कडे. धारेच्या फार जवळून चालायचा मोह होतो. पण वाळलेलं गवत बुटाखाली तेलासारखं घसरतं, तेव्हा कड्यापासून चार पावलं आतच राहा. आणखी उत्तरेला पवनचक्क्यांची रांग दिसते. त्यांच्यासाठी पठारावर कच्चे रस्ते पाडले गेले आणि जुनी पायवाट जागोजागी त्यांत हरवली. भीमाशंकरच्या अभयारण्याला लागून असलेल्या या प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात चिंता नोंदवली होती. धुक्यात असा रस्ता लागला की बरं वाटतं, पण तो पवनचक्कीपाशी जाऊन संपतो, गावात नाही. हे ध्यानात असू द्या.

कुसूर घाट ही जुनी, वापरातली, प्रशस्त वाट. मावळातून कोकणात उतरण्यासाठी पेशवाईतही ती वाहती होती आणि काही ठिकाणी दगडांची बांधणी अजून दिसते. उतरायला दोन-अडीच तास धरा. तीन दिवस चाललेल्या गुडघ्यांना हा उतार जाणवतो, म्हणून काठी असू द्या. दुपारी दोनपर्यंत घाटाच्या तोंडाशी आलात तर चार-साडेचारला खाली असाल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. तीननंतर कुसूरला पोहोचलात तर उतरू नका. गावात राहा आणि सकाळी उतरा.

खाली टाटांचं भिवपुरी जलविद्युत केंद्र आहे. ठोकरवाडीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून डोंगराखाली आणून १९२२ पासून तिथं वीज तयार होते. खोपोलीचं केंद्र त्याही आधीचं, १९१५ चं. इथं एक गोंधळ हमखास होतो. हे भिवपुरी आणि रेल्वेचं भिवपुरी रोड स्टेशन एकमेकांपासून बरंच लांब आहेत. डोंगरातून उतरून ‘स्टेशन कुठं?’ विचारलंत तर लोक तुम्हाला कर्जतलाच पाठवतील, आणि ते बरोबर आहे.

उत्तरेचा टप्पा दुसऱ्या खेपेला ठेवा. कुसूरहून खांडी, सावळे करत भीमाशंकरला जायला किमान दोन दिवस लागतात आणि गावं लांब लांब आहेत. वाटेत पेठच्या आसपास कौल्याची धार, वाजंत्री घाट अशा उतरायच्या वाटा आहेत, पण त्या माहीतगाराशिवाय सापडत नाहीत. भीमाशंकरहून खांडसला उतरायला मात्र दोन ठळक वाटा. गणेश घाट लांबचा पण निर्धोक, पदरगडाच्या पायथ्यावरून जाणारा, भाविकांचा. शिडी घाट जवळचा पण कातळात लावलेल्या शिड्यांचा. पाठीवर ओझं असताना गणेश घाटानंच उतरा. पावसात शिडी घाटाचं नावही काढू नका. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी घोषित झालं, त्यामुळे तिथं रानात तंबू ठोकणं, शेकोटी करणं चालत नाही. मुक्काम वस्तीतच करा. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. भीमाशंकरच्याही उत्तरेला सिद्धगड आहे. मूळचे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्यानं १९४२ मध्ये याच डोंगररानांचा आधार घेतला, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. दरवर्षी त्या दिवशी तिथं लोक जमतात. वर्षारंभाला या बाजूला येणार असाल तर तिथं जाऊन या.

खालापूरकरांना, किंवा ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना, मी कुरवंडे घाट सुचवेन. खोपोली-पाली रस्त्यावरून चावणीकडे वळलं की अंबा नदीकाठी उंबरखिंडीचं स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी इथं कारतलबखानाच्या फौजेला गाठलं. खान कुरवंडे घाटानं खाली उतरला होता. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, पाण्याचा ठणठणाट, मागे फिरायला जागा नाही. फौज अडकली, खानानं शरणागती पत्करली आणि सामानसुमान टाकून त्याला परतावं लागलं. खान ज्या वाटेनं उतरला तीच वाट तुम्ही खालून वर, लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यापर्यंत चढा. मोठी फौज अशा जागी का हतबल होते, हे पुस्तकातून कळतं त्याहून स्पष्ट तिथं कळतं. चावणीतून माणूस सोबत घ्या आणि पाणी खालूनच भरून न्या.

पाणी माणशी तीन लिटर पाठीवर हवंच. भरायची जागा आली की रिकामी बाटली भरून घ्या, ‘पुढे आहे’ म्हणून टाळू नका. ओढ्याचं पाणी गाळून, क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्या. बूट नवे कोरे नकोत. महाराष्ट्रातल्या डोंगरभटक्यांच्या दोन पिढ्या ‘ॲक्शन ट्रेकिंग’च्या साध्या बुटांवर चालल्या, कारण त्यांचे तळवे आपल्या कातळावर धरून राहतात. महागडे परदेशी बूट घ्यायलाच हवेत असं नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण पँट घाला, कारवीचं रान उघड्या हातापायांना ओरबाडतं. डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, जादा बॅटरी, मीठ-साखरेची पाकिटं, क्रेप बँडेज. अत्तर आणि सुवासिक फवारे घरी ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, आणि वास, धूर, आरडाओरडा या तिन्हींनी ते उठतं. सॅक दहा किलोंच्या आत ठेवा.

साप चावल्याचे प्रसंग क्वचित येतात, पण फुरसं, घोणस, मण्यार, नाग चौघेही इथं आहेत. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि थेट कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

गावकऱ्यांना वाट विचारण्याची एक पद्धत आहे. ‘मामा, ही वाट कुसूरला जाते ना?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ‘जाते की’ असंच येतं. तुमचं मन कशाला मोडायचं, हा त्यातला भाव. त्याऐवजी ‘मामा, कुसूरला कसं जायचं?’ असं विचारा आणि बोलू द्या. मग ‘मधे काय काय लागतं?’ विचारा. ‘आंब्यापासनं डावं मारा, पुढं वढा लागंल, वढ्याच्या पल्याड जोतं हाय’ अशी खूणगाठ मिळाली की ती सगळ्यांनी पाठ करायची. ‘किती वेळ लागेल’ याचं उत्तर त्यांच्या चालीनं असतं, ते दुप्पट धरा. एकट्या बाईमाणसाला रानात अचानक गाठून विचारू नका. लांबूनच आवाज द्या, ‘ताई, जरा वाट विचारायची होती’, आणि जागेवर थांबा. पैसे जेवणाचे, मुक्कामाचे, वाटाड्याचे रोख द्या, घासाघीस न करता. वर फोनची रेंज दगा देते, त्यामुळे ऑनलाइनवर विसंबू नका. पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नका. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांना काय हवं ते विचारा.

या वाटा कुणाच्या आहेत हे बोरघाटातली शिंग्रोबाची कथाही सांगते. घाटातून मार्ग कुठून काढावा हे इंग्रज अभियंत्यांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवलं, असं लोक सांगतात. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावली. शिंग्रोबाचं देऊळ खोपोलीच्या वरच्या वळणांवर आजही आहे आणि गाडीवाले तिथं थांबून हात जोडतात.

पावसाळ्यात ही रेंज करू नका. ओढे तासाभरात कमरेएवढे चढतात, नाळेतून दगड येतात, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात मनाई आदेश काढतं. सोलनपाडा, आषाणे, झेनिथ ही नावं दरवर्षी त्यात असतात. तो आदेश मोडून वर गेलेल्यांना आणायला पुन्हा गावचीच पोरं पाण्यात उतरतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची मंडळी, सगळे भर पावसात रात्री पायवाटेनं चढले. इर्शाळगडाला जाणाऱ्या प्रत्येकानं त्या ठाकरवाडीत कधी ना कधी पाणी प्यायलं होतं, चहा घेतला होता. जे वाचले त्यांचं चौकजवळ पुनर्वसन झालं आहे. त्या उतारावर आता सहलीसाठी जाऊ नये, फोटो काढू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निघण्यापूर्वी घरच्यांना एक कागद लिहून द्या: कोणत्या घाटवाटेनं चढणार, कुठं मुक्काम, कोणत्या वाटेनं किती वाजेपर्यंत उतरणार, आणि त्यानंतर किती तासांनी काळजी करायची. अडचण आली तर ११२ वर फोन करा. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा समन्वय करणारं महाराष्ट्र माउंटेनियरिंग रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा मदत क्रमांक आधीच कागदावर टिपून ठेवा. फोन लागला की आधी जागा सांगा: जवळचं गाव, कोणती धार, कड्याच्या वर की खाली पदरात. मग जखमीची अवस्था, मग माणसं किती. फोनची बॅटरी जपा आणि जागा सोडू नका. शोधणारे तुम्ही सांगितलेल्या जागीच येणार आहेत. व्यावसायिक आयोजकाबरोबर जात असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी आहे का आणि वाटाड्या स्थानिक आहे का, हे विचारा. पन्नास-साठ जणांच्या झुंडीत नाव नोंदवू नका. या वाटेला सहा ते दहा जणांचा गट पुरे.

आणि राजमाचीहून परत कर्जतला यायचं असलं, तरी उल्हासच्या दरीतल्या रेल्वेच्या रुळांवरून चालत येऊ नका. जामरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल इथं घाटाच्या उतारामुळे गाड्या तांत्रिक कारणासाठी थांबतात. ती प्रवाशांची स्टेशनं नव्हेत. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते आणि रुळांवरून चालणं हा गुन्हाही आहे. भिवपुरीला उतरलात की कर्जतची टमटम मिळते, पण अंधार पडल्यावर फेऱ्या कमी होतात. म्हणून सकाळी कोंदिवड्याला सोडणाऱ्या चालकालाच तिसऱ्या दिवशी साडेचार-पाचला भिवपुरीला यायला सांगून ठेवा आणि खाली पोहोचताच राजमाचीत ज्यांच्या घरी उतरला होतात त्यांना ‘आलो खाली’ असा फोन करा. तुम्ही कुठल्या वाटेनं गेलात हे त्यांना माहीत असतं, आणि फोन आला नाही तर शोधायला निघणारेही तेच असतात.